शब्दचर्चा : ‘कच्चा कैदी’ की ‘न्यायाधीन बंदी’?

प्रश्न (इंदूर) : खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तुरुंगात असलेल्या माणसाला इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘विचाराधीन बंदी’ छापून येते, घरी आपण ‘कच्चा कैदी’ म्हणतो आणि महाराष्ट्रातील सरकारी कागदांवर ‘न्यायाधीन बंदी’ असते. आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मी तुरुंगातील माणसांच्या हक्कांवर लेख लिहीत आहे. कोणता शब्द घ्यावा?

पहिले उत्तर : ‘न्यायाधीन बंदी’ घ्यावा. कच्चा आंबा पुढे पिकणारच असतो, तसे ‘कच्चा’ म्हटले की कैदी पुढे पक्का होणार हे गृहीत धरले जाते. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानायचा, या तत्त्वाच्या हे थेट विरुद्ध आहे. हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे दर चारांत तिघे. १८९४च्या कारागृह कायद्याने त्यांना घरचे कपडे आणि अंथरूण वापरण्याची मुभा दिली. मतदान मात्र त्यांनाही करता येत नाही, कारण १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) शिक्षा झालेल्यात आणि न झालेल्यात फरक करत नाही.

दुसरे उत्तर : लेखासाठी हे मान्य आहे, पण ज्यांच्या घरातला माणूस आत आहे त्यांच्या तोंडी यांतला एकही शब्द नसतो. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी मुलाकातीच्या दिवशी धुतलेले दोन शर्ट पिशवीत घालून निघतात आणि कोणी विचारले तर एवढेच सांगतात, ‘जमानत झाली हो, जमानतदार मिळत नाही.’ लेखात हे वाक्य जसेच्या तसे यावे, असे मला मनापासून वाटते, कारण कोर्टाने सोडायला सांगितलेला माणूसही पैशांअभावी आत राहतो, हे त्यात आहे. १९७८चा मोतीराम खटला आपल्या मध्य प्रदेशातलाच. एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि त्याचा भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायला लावले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे, कलम ४७९ही लेखात घ्या : फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे.

पहिले उत्तर (पुरवणी) : वहिनींचे वाक्य अवश्य घ्यावे, ‘जमानत’चा ‘जामीन’ न करता. आणखी एक सूचना. सहा वर्षांपर्यंतची मुले आईसोबत तुरुंगात राहू शकतात. त्यांच्यासाठी ‘बालबंदी’ लिहू नये, कारण त्यांच्यावर कोणताही आरोप नाही. ‘आईसोबत तुरुंगात राहणारे मूल’ असे पूर्ण लिहावे, शब्द चार जास्त झाले तरी चालतील.