सीझन तिकीट सोडलं, पण टीम हरते म्हणून नाही

टीम हरायला लागली की लोक सीझन तिकीट सोडतात असं बरेच जण म्हणतात, माझं तरी तसं नाहीये. अकरा वर्षं इंग्लंडमधल्या एका प्रीमियर लीग फुटबॉल क्लबचं अख्ख्या सीझनचं तिकीट होतं माझ्याकडे, लीगच्या १९ होम मॅचेस, तीच सीट, शेजारी तेच आजोबा, पावसात ०-३ ने हरत असलो तरी आम्ही शेवटची शिट्टी होईपर्यंत हलायचो नाही. मन उडालं ते एप्रिल २०२१ मध्ये, सुपर लीग म्हणजे बड्या क्लबांची वेगळी युरोपियन स्पर्धा काढायला १२ क्लब निघाले, त्यात सहा इंग्लिश आणि आमचाही, दोन दिवसांत माघार घेतली खरी पण आम्हा चाहत्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं हे काही डोक्यातून जाईना. त्यात टीव्हीसाठी शनिवारी दुपारी तीनची मॅच सोमवारी रात्री आठला ढकलायची, मग घरी परतायला ट्रेनच नाही. आणि २०१९ पासून ते व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासणं, गोल झाला तरी आधी रेफरीकडे बघायचं, मग ओरडायचं! जर्मनीत ५०+१ नियमामुळे बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत क्लबचे मेंबर असलेल्या चाहत्यांकडेच राहतं, इथे तसं असतं तर मी अजूनही जात असतो. यंदा रिन्यू नाही केलं. आजोबांना फोनवर सांगताना मात्र रडू आलं राव.