प्रति : गोष्ट रोज वाचूनही रांग मोडतो

रांगेत थांबायला शिकवणारी गोष्ट रोज वाचून दाखवूनही मूल रांग मोडतं, असा हा प्रश्न आहे. ती गोष्ट अशी : ‘तू रांगेत उभं राहायचं. ढकलायचं नाही. शांत राहायचं.’ ही तिन्ही वाक्यं हुकूम आहेत. रांग का लागते, हे मुलाला यातून कळत नाही आणि तिथेच सगळं अडतं. मिशिगनमधल्या (अमेरिका) शिक्षिका कॅरल ग्रे यांच्या ‘सोशल स्टोरी’ पद्धतीत, म्हणजे ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांना एखादा प्रसंग छोट्या गोष्टीतून समजावण्याच्या पद्धतीत, काय करायचं ते सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यामागे परिस्थिती उलगडणारी किमान दोन वाक्यं लागतात. उदाहरणार्थ :

‘डब्याच्या सुट्टीत नळावर बरीच मुलं येतात. नळ दोनच आहेत, म्हणून मुलं एकामागे एक उभी राहतात. पुढच्याचं पाणी भरून झालं की रांग सरकते. बहुतेक वेळा सुट्टी संपण्याआधी माझा नंबर लागतो. तोवर मी बाटली दोन्ही हातांत धरून थांबायचा प्रयत्न करीन.’

इथे ‘बहुतेक वेळा’ काढून ‘नेहमी’ घालू नका. एके दिवशी नळाला पाणी आलं नाही, तर शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाच्या लेखी अख्खी गोष्ट खोटी ठरते. ‘तू’ टाळा, ‘मी’ किंवा ‘तो’ चालेल.

गोष्ट वाचायची ती सुट्टीच्या थोडं आधी, मूल शांत असताना. ढकलाढकली झाल्यावर वाचली की ती शिक्षा वाटते, आणि मग मूल पुढच्या वेळी कागद बघूनच तोंड फिरवतं. म्हणूनच अशा लिहिलेल्या निम्म्या गोष्टी तरी मुलाला आधीच जे छान जमतं त्याबद्दल असाव्यात. हे बहुतेक घरांत राहूनच जातं.