चुना चांगला, पण जेटीत लोखंड असतं

जेटी सिमेंटऐवजी चुन्यात बांधा म्हणणारे गोव्यातल्या आग्वादचं उदाहरण देतात: १६१२चा किल्ला अजून उभा आहे, मग जेटीला तरी सिमेंट हवंच कशाला? मुद्दा मोहात पाडणारा आहे खरा. पण आग्वादच्या भिंतीत सळई नाही. चिरा आणि चुना, आत गंजायला काही नाहीच. शिवाय साधा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, पाण्याखाली नाही. रोमन लोकांनी बंदरं बांधली ती चुन्यात ज्वालामुखीची राख घालून, आणि तीही बिनसळईची.

आपल्या जेटीचा खरा वैरी क्लोराइड, म्हणजे समुद्राच्या मिठातला घटक. तो झिरपत सळईपर्यंत पोचला की गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट सुटतं. सगळ्यांत वाईट हाल भरतीच्या रेषेच्या आसपास, जिथे ओलं-सुकं सतत चालतं. म्हणून मी स्लॅग सिमेंटच्या बाजूचा. लोखंडाच्या भट्टीतली मळी त्यात ७० टक्क्यांपर्यंत चालते. क्लिंकर (भट्टीत भाजलेला, सिमेंटचा मूळ घटक) कमी, छिद्रं बारीक, क्लोराइडची वाट अवघड. एलसी३ (भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी) हाही पर्याय आहे. त्यात क्लिंकर निम्म्यावर येतो, आणि २०२३ पासून त्याला भारतीय मानकही आहे.

गोम एकच, स्लॅग सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, म्हणून त्यावर पाणी जास्त दिवस मारावं लागतं. शापोऱ्याकडे एका कामावर ठेकेदाराने चौथ्या दिवशी पाणी मारणं थांबवलं, आणि मारलं तेही खाडीचं खारं. दोन पावसाळ्यांत कोपरे उडाले. शिव्या मात्र सिमेंटला.