मदत हवी आहे: बाळाचा सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन

नमस्कार मंडळी. इथे इंदूरला धाकट्या बहिणीचं बाळ ३४व्या आठवड्यात झालं, तीन दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. सेप्सिसची (रक्तातून शरीरभर पसरणाऱ्या गंभीर संसर्गाची) शंका, अँटिबायोटिक सुरू. पहिला सीआरपी (संसर्ग वा सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल आला नि घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली (आई तर खजराना गणपतीला नवस बोलून बसलीय). पण संसर्गानंतर तो वाढायला काही तास जातात. दुसऱ्यांदा तपासला तर वाढलेला. प्रोकॅल्सिटोनिन (संसर्ग दाखवणारा रक्तातला दुसरा घटक) सीआरपीच्या आधी वाढतं, मात्र जन्मानंतर पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही चढतंच म्हणे. मग त्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा? ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) निगेटिव्ह आलं तर औषध कधी थांबवतात? ग्रुपमधल्या बालरोगतज्ज्ञांनी कृपया सांगावं. उपचार डॉक्टर ठरवतील तेच. उद्या राउंडला त्यांना नेमकं काय विचारायचं, एवढंच कळायला हवंय.