मदत हवी आहे: सुरसागर तलावावर आडध्रुवी फरक १५ डेसिबलच्या वर का जात नाही?

नमस्कार. बडोद्यात २.४ गिगाहर्ट्झवर रेडिओ चॅनेलची मोजणी करत आहे. मांडवीच्या गल्ल्यांत, जिथे प्रेषक थेट दिसत नाही, तिथे सहध्रुवी (पाठवलेल्याच पोलरायझेशनमधली, म्हणजे विद्युतक्षेत्राच्या त्याच कंपनदिशेतली) आणि आडध्रुवी (तिला काटकोनातली) शक्तींतला फरक ८ डेसिबलच्या आसपास येतो. मोबाइल मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या टीआर ३८.९०१ या चॅनेल-मॉडेलच्या अहवालात अशाच शहरी मायक्रो सेलसाठी एक्सपीआरची (किरणाच्या सहध्रुवी आणि आडध्रुवी शक्तींच्या गुणोत्तराची) सरासरी ८ डेसिबल दिलेली असल्याने तिथे काही खटकत नाही. अडचण सुरसागरावर आहे. मधली शिवमूर्ती आड येणार नाही अशा बेताने समोरासमोरच्या काठांवर दोन पॅच अँटेना उभ्या पोलरायझेशनमध्ये लावल्या आणि नंतर ग्राहक अँटेना ९० अंशांनी फिरवली, तरी फरक १४-१५ डेसिबलवरच अडतो. मॉडेलमध्ये थेट किरणाला एक्सपीआर लागू होत नाही, तिथे कर्णावर १ आणि −१ आणि बाकी जागी शून्य असलेले मॅट्रिक्स असते. म्हणजे आडध्रुवी शक्ती शून्य यायला हवी. ही गळती चॅनेलच्या खाती टाकावी की अँटेनांच्या? निर्मात्याच्या माहितीपत्रकात प्रत्येक अँटेनाची आडध्रुवी पातळी −२० डेसिबल लिहिली आहे, तेवढ्याने १५ चा आकडा उलगडत नाही.

प्रतिसाद:

चॅनेलला हात लावू नये. −२० डेसिबल म्हणजे विद्युतक्षेत्राच्या मापात ०.१. दोन्ही टोकांची गळती समान कलेत (फेजमध्ये) मिळाली तर बेरीज ०.२ होते आणि फरक १४ डेसिबलवर येतो. कला विरुद्ध असेल तर त्याच दोन गळत्या एकमेकींना खाऊन टाकतात. शिवाय तिपाईवर अँटेना १० अंश कलली, तर तेवढ्यानेच फरक १५ डेसिबलवर बांधला जातो.

ग्राहक अँटेना तिच्या अक्षाभोवती एकेक अंश फिरवून पातळी सर्वांत खाली कुठे जाते ते आपण पाहावे. ती खोल गेली, तर कारण कलण्याचे किंवा समकलेतील गळतीचे. उथळच राहिली, तर ९० अंश कलाफरकाची गळती किंवा काठावरच्या इमारतींचे परावर्तन. पाण्यावर संशय नको, कारण सपाट पाणी उभे आणि आडवे पोलरायझेशन एकमेकांत मिसळत नाही. ±४५ अंशांच्या अँटेना असत्या तर मात्र, उभ्या आणि आडव्या घटकांचे परावर्तन वेगवेगळे असल्यामुळे, प्रश्न तिथूनच सुरू झाला असता.

मॉडेलमध्ये दोन्ही अँटेनांचे मोजलेले आकृतिबंध (कोणत्या दिशेला किती प्रारण जाते त्याचे नकाशे) कलेसह घालावेत, मॅट्रिक्स तसेच ठेवावे. मांडवीच्या ८ डेसिबलमधूनही ही गळती वजा करावी लागेल: तिथे कला विखुरलेल्या असल्याने शक्तींची बेरीज, म्हणजे ०.०१ + ०.०१ = ०.०२, धरायची, आणि खरा एक्सपीआर ८.६ च्या जवळ येतो.