प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला. संगीत ऐकू येतं, संवाद गायब – मदत हवी आहे

वाचनवेडी

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. वरच्या मजल्यावर सभागृह आहे, शे-दीडशे माणसं सहज बसतात. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीतच नाट्यप्रयोग केला, त्यामुळे आमच्या भागात या दिवसाचं अप्रूप जरा जास्तच. यंदा गावातल्या हौशी मंडळानं वीस-बावीस वर्षांपूर्वी केलेली नाटकं मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलंय. तेव्हा कुणीतरी कॅमेऱ्यावर चित्रीकरण करून ठेवलं होतं, ते मिळालं. त्यातली काही नटमंडळी आता हयात नाहीत. त्यांच्या घरची माणसं येणार आहेत. चित्र थोडं धूसर दिसलं तरी चालेल, पण आवाज स्वच्छ यायलाच हवा.

सामान असं आहे. प्रोजेक्टर देणगीत मिळालाय; मागे दोन एचडीएमआय, एक व्हीजीए आणि पिवळी-पांढरी-लाल भोकं आहेत. लॅपटॉपला एचडीएमआय आणि हेडफोनचं भोक आहे. एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्याला फक्त पिवळी-पांढरी-लाल. सभागृहात आठ चॅनेलचा मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर आणि रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक बॉक्स. मिक्सर रंगमंचाशेजारी आहे आणि प्रोजेक्टर मागच्या भिंतीजवळ टेबलावर. मध्ये साधारण ४५ फूट अंतर.

अडचण क्रमांक एक, आणि हीच सगळ्यात मोठी: लॅपटॉपच्या हेडफोनमधून मिक्सरला जोडायला गावातल्या दुकानातून वायर करून घेतली. एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला जाड. जाड पिन तीन नंबरच्या चॅनेलला, जिथे 'लाइन' लिहिलंय तिथे लावली. फाइल सुरू केली की सुरुवातीच्या नामावलीचं संगीत खणखणीत. पडदा उघडून नट बोलायला लागले की संवाद गायब! अगदी गायब नाही, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसे येतात. पण प्रेक्षकांचा हशा आणि टाळ्या नीट ऐकू येतात. आवाज वाढवला तर टाळ्याच वाढतात. तीच फाइल हेडफोनवर ऐकली तर संवाद स्पष्ट आहेत. माइक त्याच मिक्सरवर उत्तम चालतो.

दोन: चार्जर लावला की बॉक्समधून घुंऽऽ असा आवाज येतो, काढला की बंद.

तीन: लॅपटॉप मिक्सरजवळ ठेवून १५ मीटरच्या एचडीएमआय वायरने प्रोजेक्टर जोडला तर चित्र मध्येच काळं होतं, 'नो सिग्नल' येतं, पुन्हा सुरू होतं.

चार: एक नाटक फक्त डीव्हीडीवर आहे. ते कसं जोडायचं?

कुणी म्हणतं मिक्सर बदला, कुणी म्हणतं ब्लूटूथ स्पीकर आणा. वाचनालयाचं बजेट तुम्हाला ठाऊक आहेच. आहे त्यातच जमवायचं आहे. कृपया मार्गदर्शन करावं.

माळरान

फाइल हेडफोनवर नीट ऐकू येते म्हणजे फाइल आणि लॅपटॉप दोन्ही ठीक. माइक चालतो म्हणजे मिक्सर ठीक. राहिली वायर. तुमच्या जाड पिनेवर काळ्या रेघा किती आहेत ते बघून सांगाल का? एक की दोन?

वाचनवेडी

दोन काळ्या रेघा आहेत. दुकानदार म्हणाले, "ताई, स्टीरिओ पिन टाकलीय, भारीतली."

ध्वनिवाला

ताई, रोग सापडला. मिक्सर बदलू नका, काहीही बिघडलेलं नाही.

दोन रेघा म्हणजे पिनेचे तीन भाग: टोक, मधली कडी आणि मागचा दांडा. लॅपटॉपच्या हेडफोनमध्ये टोकावर डावा आवाज असतो, कडीवर उजवा आणि दांड्यावर ग्राउंड. मिक्सरचं लाइन इनपुट मात्र या तीन भागांचा वेगळा अर्थ लावतं. ते टोकावर जे येईल त्यातून कडीवरचं वजा करतं आणि उरेल तेवढंच पुढे पाठवतं. हे मुद्दाम तसं केलेलं असतं. लांब वायरीत वाटेत जी खरखर शिरते ती दोन्ही तारांवर सारखीच बसते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते. माइकची कॅनन वायर पन्नास फूट टाकली तरी आवाज स्वच्छ राहतो तो यामुळे.

आता तुमच्याकडे काय होतंय बघा. नाटकाच्या चित्रीकरणात नटाचा आवाज डाव्या आणि उजव्या बाजूला जवळपास सारखाच असतो. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. म्हणून संवाद गेले. हशा-टाळ्या सभागृहाच्या सगळ्या बाजूंनी आल्या, डावीकडे वेगळ्या, उजवीकडे वेगळ्या, म्हणून त्या उरल्या. नामावलीचं संगीत मागाहून स्टीरिओमध्ये जोडलेलं असणार, म्हणून तेही वाचलं. गाण्यांच्या कार्यक्रमात ट्रॅक लावला आणि गायकाचा आवाज नाहीसा झाला, अशी तक्रार आमच्या धंद्यात नेहमी येते. कारण बहुतेक वेळा हेच असतं.

खात्री करायला एक खर्च नसलेली चाचणी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात ऑडिओ, तिथे 'मोनो ऑडिओ' असा खटका आहे. तो चालू करा आणि नाटक लावा. माझं बरोबर असेल तर आता संगीत, टाळ्या सगळंच बंद होईल, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील. मग खटका बंद करून आवाजाचा बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. संवाद परत यायला हवेत. करून बघा आणि कळवा, मग पुढचं सांगतो.

वाचनवेडी

केलं! मोनो चालू केल्यावर सगळं चिडीचूप, आणि बॅलन्स डावीकडे नेल्यावर संवाद एकदम समोर! आमचे ग्रंथपाल काका शेजारी उभे होते. त्यातल्या एका नटाचा आवाज ऐकून त्यांनी लगेच त्यांच्या मुलीला फोन लावला. ध्वनिवाला, तुमचे मनापासून आभार. आता कायमचा उपाय काय करू? बॅलन्स असाच डावीकडे ठेवला तर चालेल का?

ध्वनिवाला

वेळ मारून न्यायला चालेल, पण उजव्या बाजूचा आवाज वाया जातो. जुन्या चित्रीकरणात एखादा नट उजव्या विंगेजवळ उभा असेल तर तो बारीक ऐकू येईल.

दुकानदारांना सांगा, एका टोकाला बारीक स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन पी-३८ (त्याच जाड) मोनो पिना, म्हणजे एक काळी रेघ असलेल्या, अशी वायर करून द्या. तयारही मिळते. दोन पिना मिक्सरच्या दोन चॅनेलना लावा, समजा तीन आणि चारला. दोन्हीचा पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे वळवणारं बटण, मध्यावर ठेवा. तुमचे दोन्ही बॉक्स बहुधा एकाच मोनो अ‍ॅम्प्लिफायरवर असतील, म्हणून पॅन मध्यावर. नाहीतर एक बाजू मिक्सरमध्येच राहून जायची. गेन, म्हणजे चॅनेलमध्ये येणारा आवाज वाढवणारं बटण, अगदी खाली ठेवून सुरुवात करा. लॅपटॉपचा आवाज साधारण ऐंशी टक्के आणि बाकीचं मिक्सरवरून. लॅपटॉप पूर्ण शंभरवर ठेवला तर आवाज फाटू शकतो.

एक गोष्ट मात्र करू नका. डावी-उजवी तार एकमेकींना पिळून एकाच मोनो पिनेला डाग देऊ नका. दोन आउटपुट थेट एकमेकांवर जातात, ते लॅपटॉपला चांगलं नाही. एकाच चॅनेलमध्ये हवं असेल तर प्रत्येक तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर टाकून मग जोडायच्या. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणारा कुणीही हे पाच मिनिटांत करून देईल, खर्च नाममात्र.

आणि जो मोनो खटका आपण चाचणीला वापरला, तो नव्या वायरीबरोबर उपयोगाचा आहे. तो चालू ठेवला तर दोन पिनांपैकी कुठलीही एकच लावली तरी पूर्ण आवाज मिळतो. चॅनेल कमी पडले तर हे लक्षात ठेवा.

पडद्यामागे

चित्राच्या वायरीबद्दल मी लिहितो, हौशी नाटकांना प्रोजेक्टर लावायचं काम बरीच वर्षं करतोय.

१५ मीटर साधी एचडीएमआय वायर हा नेहमीच जुगार असतो. चांगली जाड असेल तर चालते, नाहीतर तुमच्यासारखं होतं. एचडीएमआयचा सिग्नल थोडा कमजोर झाला की चित्र जरा खराब होत नाही, तुटतंच. पहिल्यांदा लॅपटॉपमधून रिझोल्यूशन कमी करून बघा, १०८० ऐवजी ७२०. जुन्या डीव्हीडीच्या दर्जाचं चित्रीकरण ५७६ रेघांचं असतं, त्यामुळे ७२० ठेवून काहीही गमावत नाही. सिग्नलवरचा भार कमी होतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

पण माझं प्रामाणिक मत, चित्राची वायर लांब नेण्याच्या भानगडीत पडूच नका. लॅपटॉप प्रोजेक्टरच्या टेबलावर ठेवा, मध्ये दीड मीटरची एचडीएमआय. लांबचा प्रवास आवाजाला करू द्या. त्यासाठी साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा आवाज माइकच्या वायरीतून लांब नेण्याजोगा करणारी डबी, भाड्याने घ्या, दोन चॅनेलचा किंवा लॅपटॉपसाठीचा स्टीरिओ इनपुटवाला. लॅपटॉपमधून छोट्या वायरीने डीआय बॉक्स, तिथून माइकची नेहमीची कॅनन वायर थेट मिक्सरच्या माइक इनपुटला. ४५ फूट त्याला काहीच नाही. ध्वनिवाला यांनी वर सांगितलेली वजाबाकी इथे खऱ्या अर्थाने कामाला येते. शिवाय ट्रान्सफॉर्मरवाला डीआय घेतलात तर तुमची ती घुंऽऽ पण जाईल. नाटक लावणारा माणूस मागे बसला की त्याला पडदाही प्रेक्षकांसारखाच समोरून दिसतो.

एचडीएमआय लावली की विंडोज आवाज प्रोजेक्टरकडे पाठवायला लागतं आणि मिक्सरवर शांतता पसरते, तेव्हा घाबरू नका. खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर जाऊन हेडफोन निवडा. फायलींमधला गोंधळ पडद्यावर दिसू नये म्हणून विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' घ्या.

ध्वनिवाला

पडद्यामागे यांच्याशी शंभर टक्के सहमत, डीआय बॉक्स मिळत असेल तर तोच घ्या.

घुंऽऽ बद्दल: लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर असला की दोघांच्या अर्थिंगमध्ये आवाजाच्या वायरीतून फेरा तयार होतो आणि तो बॉक्समध्ये ऐकू येतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेऊन बघा. नाही गेला तर डीआय बॉक्स, किंवा साधा ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा फेरा तोडणारी डबी. चार्जरची किंवा अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. तो कृपा करून ऐकू नका. घुंऽऽ जाईल, पण उद्या शॉक बसला तर वाचवायला काही उरणार नाही.

ब्लूटूथचं म्हणाल तर आवाज ओठांच्या मागे पडतो. नाटकात ते फार खुपतं.

माळरान

डीव्हीडीचं सांगतो. जोडणी सोपी आहे: पिवळी प्रोजेक्टरच्या पिवळ्यात, पांढरी-लाल मिक्सरकडे. तुमच्या प्रोजेक्टरला पिवळं भोक आहे, त्यामुळे कन्व्हर्टर लागत नाही. ज्यांच्या प्रोजेक्टरला ते नसेल त्यांनी डबी घेताना बाणाची दिशा बघावी. एव्हीकडून एचडीएमआयकडे नेणारी हवी. उलट दिशेची डबी दिसायला अगदी तशीच असते आणि बरेच जण तीच घरी आणतात.

पण मी ती डीव्हीडी कार्यक्रमात लावणारच नाही. घरी रेकॉर्ड केलेल्या तबकडीवरचा रंगाचा थर वर्षांनुवर्षं खराब होत जातो, आणि वीस वर्षं म्हणजे बरीच झाली. ऐन प्रसंगात ती मध्येच अडकेल. आजच कुणाकडून यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणा आणि 'व्हिडिओ_टीएस' नावाचं पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घ्या. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ते तसंच चालतं. आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. गावाकडे या नाटकाची ही एकच प्रत असेल तर कार्यक्रम होवो न होवो, हे काम आधी करा.

नेपथ्यकार

तांत्रिक नाही, पण गरजेचं. नाटक छापील असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला प्रयोगासाठी परवानगी कुणाची घ्यायची ते दिलेलं असतं. चित्रीकरण जाहीरपणे दाखवायचं तरी लेखकाला किंवा त्यांच्या वारसांना आधी विचारा. हौशी संस्थांना सहसा कुणी नाही म्हणत नाही.

वाचनवेडी

सगळ्यांचे आभार. डीआय बॉक्स शेजारच्या गावातल्या मंडप-साउंडवाल्यांनी भाडं न घेता दिला. लॅपटॉप आता मागे प्रोजेक्टरजवळ आहे, चित्र तुटत नाही, घुंऽऽ गेली. डीव्हीडीची प्रत झाली. तबकडी एका ठिकाणी अडकली होती, पुसून पुन्हा लावल्यावर पूर्ण उतरली. लेखकांच्या घरी फोन केला, त्यांनी आनंदाने होकार दिला.

एकच शंका राहिली. पडद्यावर नट हात हलवतात तेव्हा हाताच्या कडांना कंगव्याचे दात असावेत तशा आडव्या रेघा दिसतात. टीव्हीवर हे दिसत नव्हतं. आणि सगळी माणसं जरा जाडी वाटतात.

पडद्यामागे

रेघा जुन्या कॅमेऱ्यामुळे. त्यात एका चित्राच्या सम आणि विषम रेघा वेगवेगळ्या क्षणी टिपल्या जातात. टीव्ही ते आपोआप जुळवतो. व्हीएलसीमध्ये व्हिडिओच्या मेनूत 'डीइंटरलेस' चालू करा, पद्धत 'याडिफ' निवडा.

माणसं जाडी दिसतात कारण चार बाय तीनचं चित्र रुंद पडद्यावर ताणलं जातंय. त्याच मेनूत आस्पेक्ट रेशो ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. प्रोजेक्टरच्या मेनूतही 'फुल' ऐवजी 'ऑटो' किंवा 'नॉर्मल' आहे ना ते बघा, नाहीतर तो पुन्हा ताणेल. आणि ५ तारखेला लॅपटॉप एअरप्लेन मोडवर ठेवा, म्हणजे संवादाच्या मध्ये कुणाचा मेसेज वाजणार नाही.