ट्रान्झिशनमधलं ‘वजन’: भार, दाब, तोल की रेटा?

प्रश्न

गोल्फ शिकणाऱ्या शाळकरी मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितो आहे. बॅकस्विंग (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे-वर नेणं), डाउनस्विंग (ती खाली चेंडूवर आणणं) हे शब्द मुलं पटकन उचलतात, म्हणून ते तसेच ठेवले. गाडी अडली आहे ती दोन्हींच्या मधल्या ट्रान्झिशनपाशी, म्हणजे क्लब वर जाणं संपून खाली येऊ लागतो तिथे. ‘संक्रमण’ फार जड होतं. त्याहून मोठी अडचण ‘वेट शिफ्ट’ची. मी ‘वजन डावीकडे सरकवा’ असं लिहिलं, तर मुलं शब्दशः सरकतात. कंबर बाजूला ढकलली जाते, डोकंही तिच्यामागे जातं आणि चेंडूऐवजी आधी जमीन लागते. भारांतरण, तोलबदल असे काही पर्याय मनात आहेत. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

ट्रान्झिशनसाठी ‘पलटा’ कसा वाटतो? दिशा पलटते, एवढं तर नक्की कळतं. भारांतरण मात्र नको. मैदानावर ओरडून सांगता येत नाही तो शब्द शिकवण्याच्या कामाचा नाही.

प्रतिसाद

पलटा छोटा आहे, पण त्यात एक धोका दिसतो. पलटा म्हटलं की सगळं शरीर एकदम उलटं फिरतं असं चित्र उभं राहतं. ट्रान्झिशनमध्ये नेमकं तसं होत नाही. हात आणि क्लब अजून मागे-वर जात असतात, आणि खालचं शरीर मात्र लक्ष्याच्या दिशेने निघालेलं असतं. आधी ओटीपोटाचा भाग, मग छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी क्लब, असा क्रम चांगल्या खेळाडूंत दिसतो. शेतात पाखरं राखताना गोफण मारणारा माणूस आठवा. त्याचा पाय पुढे पडतो तेव्हा दगड मागेच असतो. म्हणून ट्रान्झिशन हे नाव मी तसंच ठेवीन. इथे नामापेक्षा क्रियापदांची गरज जास्त आहे, आणि ती मराठीत भरपूर आहेत.

आता ‘वजन’. माझ्या मते सगळा घोळ या शब्दात आहे. वजन सरकलं म्हणजे शरीर सरकलं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. प्रत्यक्षात शरीराचा मध्य फार थोडा हलतो. जास्त हलतो तो तळपायांखालचा दाब. उजव्या हाताच्या खेळाडूत बॅकस्विंगच्या सुरुवातीला तो उजव्या पायाखाली वाढतो आणि क्लब माथ्यावर पोचायच्या आधीच डाव्याकडे परतू लागतो. मुलांना ‘आधी मागे जा, थांबा, मग वजन पुढे आणा’ असं तीन टप्प्यांत शिकवलं तर हे परतणं उशिराच होणार.

दाब आणि वजन वेगळे कसे, हे घरच्या वजनकाट्यावर दाखवता येतं. काट्यावर उभं राहून झटकन गुडघ्यांत वाका. आकडा आधी उतरतो आणि खाली थांबताना चढतो. वजन तेवढंच असतं, बदलतो तो दाब. लांब फटका मारणाऱ्या खेळाडूंच्या पायांखाली दाब मोजणाऱ्या पट्ट्या ठेवल्या तर डाउनस्विंगमध्ये दोन्ही पायांचा मिळून दाब शरीराच्या वजनापेक्षा बराच जास्त येतो. नुसतं वजन इकडून तिकडे नेऊन हे कधीच झालं नसतं.

म्हणून ‘वजन सरकवा’च्या जागी मी ‘डावा पाय रोवा’ असं लिहीन. रोवणं या क्रियापदात बाजूला जाणं नाही, खाली जाणं आहे. खांब रोवतात, झेंडा रोवतात, पाय रोवून उभं राहतात. अमेरिकेचे दिग्गज गोल्फपटू जॅक निकलस बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू देत आणि ती पुन्हा जमिनीवर टेकवून डाउनस्विंग सुरू करत. १९८६ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली, ती त्यांची अठरावी मेजर (गोल्फमधल्या सगळ्यात मानाच्या चार स्पर्धांना मेजर म्हणतात). आज बरेच खेळाडू टाच उचलत नाहीत, तरी ‘रोवा’ त्यांनाही तितकंच लागू पडतं, कारण टाच जमिनीवर असतानाही पाय रोवता येतो.

प्रतिसाद

‘रोवा’ पटलं. पण ‘दाब’ म्हटलं की रक्तदाब किंवा हवेचा दाब डोळ्यांपुढे येतो. ‘रेटा’ का नको? त्यात जोर आहे, दिशाही आहे.

प्रतिसाद

दोन्ही ठेवा, पण वेगळ्या जागी. दाब पायाखाली येतो, रेटा आपण देतो. उजव्या पायाने जमीन बाजूला रेटली म्हणून शरीर डावीकडे निघतं. पुढे डावा पाय सरळ होताना जमीन खाली रेटतो आणि फटक्याला वेग देतो. हे एका दमात ‘वजन गेलं’ म्हणून सांगितलं तर दोन वेगळी कामं एकात मिसळतात. ‘तोल’ मात्र इथे वापरू नका. तोल जाणं म्हणजे मराठीत पडायला होणं. ‘तोल डावीकडे जाऊ द्या’ हे वाचून कुठलं मूल धीटपणे पाय रोवेल?

डावखुऱ्या मुलांचाही विचार करा. टिपणांत डावा-उजवा लिहिलं की त्यांना दर वाक्य उलटं करून वाचावं लागतं. क्रिकेटमुळे ‘पुढचा पाय’ आणि ‘मागचा पाय’ मराठीत पक्के रुजलेले आहेत, तेच घ्या. लक्ष्याच्या बाजूचा तो पुढचा.

प्रश्नकर्ता

पुढचा पाय, मागचा पाय घेतो. हे आधीच सुचायला हवं होतं असं वाटावं इतकं सोपं आहे. आता कंबरेचं सांगा. ‘हिप’साठी मी सगळीकडे कंबर लिहिलंय.

प्रतिसाद

ते बदला, कृपया. कंबर म्हणजे पट्टा बांधतो ती जागा. मुलांना ‘कंबर फिरवा’ म्हटलं की ती पोटापासून वरचा भाग फिरवतात, म्हणजे छाती आणि खांदे आधी सुटतात. मग क्लब बाहेरून आत येतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वळत जातो. स्लाइस म्हणतात तो हाच. हिपला आपल्याकडे ‘खुबा’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, असं घराघरांत ऐकलेलं असतं. ‘पुढचा खुबा मागे वळू द्या’ म्हटलं की तो बाजूला निसटत नाही, वळतो. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण बाजूला घसरणं आणि वळणं यांतला फरकच शिकाऊ खेळाडूला सगळ्यात जास्त छळतो.

थोडं पुढे जाणं चालतं, हेही लिहा. खुबा वळण्याआधी लक्ष्याकडे जरासा सरकतो. अजिबात न सरकता जागच्या जागी गरगर फिरणाऱ्या मुलाचा दाब मागच्या पायावरच अडकून राहतो.

प्रश्नकर्ता

म्हणजे आधी रोवणं, मग वळणं असं लिहू?

प्रतिसाद

लिहायला तसं, करायला जवळजवळ एकत्र. डाउनस्विंगला जेमतेम पाव सेकंद लागतो, त्यात पायऱ्या मोजत बसता येत नाही. एका सरावात एकच सूचना द्या. एखाद्याला ‘रोव’ लागू पडेल, एखादीला ‘वळ’.

आणि ‘पीळ’ विसरू नका. खुबे पुढे निघाले आणि खांदे अजून मागेच असले की धडात पीळ पडतो. स्ट्रेच, टॉर्क, कॉइल अशा शब्दांनी मुलांना घाबरवण्याची गरजच नाही. दोरीला पीळ देताना एक टोक धरून ठेवावं लागतं, हे त्यांना ठाऊक असतं. फक्त ‘पीळ द्या’ असं आज्ञार्थी लिहू नका, नाहीतर मुलं पाठ आवळून धरतील. ‘पाय रोवला की पीळ आपोआप पडतो’ असं लिहा. वाढत्या वयातल्या पाठींना हेच बरं.